गळालेल्यांचा हिशेब

विद्यापीठांचे निकाल जाहीर होऊ लागले, की त्यांची चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. किती टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले, गेल्या वर्षापेक्षा हे प्रमाण वाढले की घटले, मुलींनी मुलांना मागे टाकले काय, हे तपशील छापून येतात. काही महिन्यांनी पदवीदान समारंभ होतो. झगे घातलेले स्नातक व्यासपीठावर जातात, प्रमुख पाहुणे त्यांना राष्ट्रबांधणीचे आवाहन करतात आणि सुवर्णपदके मिळवणाऱ्यांची छायाचित्रे झळकतात. हे सर्व योग्यच आहे. ज्याने कष्टाने पदवी मिळवली त्याचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु तीन वर्षांपूर्वी याच स्नातकांच्या बरोबरीने ज्यांनी पहिल्या वर्षाच्या वर्गात पाऊल ठेवले, हजेरीपटावर ज्यांची नावे यांच्या नावांच्या खालीवर होती आणि जे आज त्या सभागृहात नाहीत, त्यांचे काय झाले? हा प्रश्न समारंभात कोणी विचारीत नाही. आणि विचारलाच, तर त्याचे नेमके उत्तर देऊ शकतील अशी महाविद्यालये फारशी आढळणार नाहीत.

आपल्याकडे उच्च शिक्षणाची मोजदाद होत नाही असे नाही. केंद्र सरकारच्या अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये देशातील सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. अठरा ते तेवीस या वयोगटातील लोकसंख्येशी हे प्रमाण २८.४ टक्के पडते. ते २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर न्यावे, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ठरवले आहे. पण ही झाली आत येणाऱ्यांची मोजणी. दुसरी मोजणी बाहेर पडण्याच्या दाराशी होते. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेस किती विद्यार्थी बसले आणि त्यांतले किती उत्तीर्ण झाले, हे तीत पाहिले जाते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’लाही हीच टक्केवारी सादर केली जात आली आहे.

या टक्केवारीत एक चकवा आहे. एखाद्या महाविद्यालयात पहिल्या वर्षी दोनशे विद्यार्थी दाखल झाले, त्यांतले शंभर शेवटच्या वर्षापर्यंत पोहोचले आणि त्यांपैकी नव्वद उत्तीर्ण झाले, असे समजू. निकाल लागला नव्वद टक्के. संस्थाचालक समाधान व्यक्त करतात, फाटकावर फलक लागतो. वास्तविक दोनशे विद्यार्थ्यांपैकी नव्वदांनाच पदवी मिळाली आहे. म्हणजे खरा निकाल पंचेचाळीस टक्के आहे. जे शंभर विद्यार्थी वाटेत नाहीसे झाले, ते नापासांतही मोजले गेले नाहीत. किंबहुना अभ्यासात मागे पडलेले विद्यार्थी जितक्या लवकर बाहेर पडतील, तितकी महाविद्यालयाची टक्केवारी उजळ दिसणार. ज्या मोजमापाने संस्थेचे अपयश तिचे यश म्हणून दिसू शकते, त्यावर विसंबून धोरणे आखणे कितपत शहाणपणाचे आहे?

खरी संख्या काढणे अशक्य आहे अशातला भाग नाही. संस्थांची राष्ट्रीय क्रमवारी लावणाऱ्या ‘एनआयआरएफ’मध्ये भाग घेणाऱ्यांना, पहिल्या वर्षी किती विद्यार्थी आले आणि त्यांतले किती ठरल्या मुदतीत पदवीधर झाले, हे सांगावे लागते. पण देशातील चाळीस हजारांहून अधिक महाविद्यालयांपैकी या क्रमवारीत उतरणारी थोडकीच. आणि ज्या महाविद्यालयांत गळती अधिक असण्याचा संभव, ती तिकडे फिरकण्याचा संभव त्याहून कमी.

मध्येच शिक्षण सोडणाऱ्यांसाठी मराठीत ‘गळती’ हा शब्द रूढ आहे. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगानेही शिक्षणातील या नासाडीची सविस्तर दखल घेतली होती. हा शब्द आपण फारसा विचार न करता वापरतो. पण तो मोठा न्यायी आहे. घागर गळू लागली तर पाण्याला कोणी दोष देत नाही. आपण घागर उचलून चीर कोठे गेली आहे हे पाहतो. शिक्षणात मात्र उलटा न्याय चालतो. मुलगा मध्येच गेला, की तो ‘अभ्यासात कच्चा’ होता, त्याला ‘गोडी नव्हती’, किंवा घरची परिस्थितीच तशी होती, असे म्हणून प्रकरण मिटवले जाते. घागरीकडे कोणी पाहत नाही.

या दृष्टीला मोठी परंपरा आहे. आपली विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली, ती मूलतः परीक्षा घेणारी मंडळे म्हणून. १८५८ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची पहिली बी. ए. परीक्षा झाली, तेव्हा दोघेच उत्तीर्ण ठरले. त्यांतले एक बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. आणि त्या दोघांनाही काही गुणांची सवलत द्यावी लागली होती. मुंबई विद्यापीठाचे पहिले बी. ए. १८६२ मध्ये बाहेर पडले. ते चौघे होते, आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर त्यांत होते. जेथे आरंभीच्या पदवीधरांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी, तेथे नापास होणे हा नियम आणि उत्तीर्ण होणे हा अपवाद अशी समजूत रुजली तर नवल नाही. ‘बी. ए. नापास’ हीदेखील एक पात्रता म्हणून मिरवली जाई, असे किस्से जुन्या पिढीत प्रसिद्धच होते. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची सुचवू, असे स्पष्ट नमूद केले होते. तरीही विद्यापीठाने चाळण लावायची आणि खाली पडतील त्यांची जबाबदारी घ्यायची नाही, ही वृत्ती पुढे टिकलीच.

अमेरिकेतही पूर्वी अशीच वृत्ती होती. परंतु गेल्या पन्नास वर्षांत तेथे या प्रश्नाचा जो अभ्यास झाला, तो आपल्या प्राध्यापकांनी आणि शिक्षणखात्याने लक्षपूर्वक पाहावा असा आहे. १९७५ साली व्हिन्सेंट टिंटो या समाजशास्त्रज्ञाने महाविद्यालय सोडून जाणाऱ्यांविषयीच्या तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन एक उपपत्ती मांडली. विद्यार्थी कोणती पूर्वतयारी आणि कोणता निश्चय घेऊन येतो याला महत्त्व आहेच. पण आत आल्यावर तो त्या संस्थेच्या अभ्यासाच्या आणि माणसांच्या जीवनात किती मिसळतो, यावर त्याचे टिकणे फार अवलंबून असते, असा तिचा सारांश. शिक्षकांशी बोलणे नाही, सोबत्यांशी संबंध नाही, आपण येथे असलो काय आणि नसलो काय कोणाला फरक पडत नाही, ही भावना एकदा मनात घर करून बसली, की लहानशी अडचणही शिक्षण सोडण्यास पुरेशी होते. टिंटोच्या मांडणीवर पुढे आक्षेपही घेतले गेले. दिवसभर नोकरी करून शिकणाऱ्या किंवा घरी राहून येजा करणाऱ्या विद्यार्थ्यांना ती पुरतेपणी लागू पडत नाही, हा त्यांतील प्रमुख आक्षेप. परंतु प्रश्नाचा रोख तिने विद्यार्थ्याकडून संस्थेकडे वळवला, हे तिचे श्रेय मान्य करावे लागेल.

त्याच दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील गणित विभागात यूरी ट्राइझमन या तरुण गणितज्ञाने एक शोध घेतला. कृष्णवर्णीय विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या कलनशास्त्रात मोठ्या संख्येने मागे का पडतात, असे त्याने सहकाऱ्यांना विचारले. पूर्वतयारी कमी, इच्छा कमी, घरचे पाठबळ कमी, पैसा कमी, अशी उत्तरे आली. आपल्या शिक्षककक्षांतही हीच उत्तरे येतील. ट्राइझमनने वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांच्या सहवासात कित्येक महिने घालवले, तेव्हा यांतले एकही कारण खरे ठरेना. दिसले ते असे : चिनी विद्यार्थी वर्ग सुटल्यावर एकत्र बसत, एकमेकांची उत्तरे तपासत आणि चुका काढत. कृष्णवर्णीय विद्यार्थी नेमून दिलेले तास प्रामाणिकपणे अभ्यास करीत. पण एकेकटे करीत. आपण कोठे चुकतो हे त्यांना परीक्षेच्या निकालानंतरच कळे. मग त्याने गटांत बसून उदाहरणे सोडवण्याचे वर्ग सुरू केले, आणि या वर्गांतली उदाहरणे नेहमीपेक्षा कठीण ठेवली. जादा शिकवणी म्हटली की ‘ढ मुलांचा वर्ग’ हा शिक्का बसतो, तो त्याने बसू दिला नाही. हे विद्यार्थी पुढे उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊ लागले. विद्यार्थी टिकवायचा तर अभ्यास सोपा करावा लागतो, ही समजूत किती पोकळ आहे, याचा याहून चांगला पुरावा मिळणे कठीण.

पुढे १९९० मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला. सरकारी विद्यार्थी-साहाय्याचा लाभ घेणाऱ्या महाविद्यालयांनी, दाखल झालेल्यांपैकी किती विद्यार्थी ठरावीक मुदतीत शिक्षण पुरे करतात, हे जाहीर करावे असे बंधन त्याने घातले. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला सहा वर्षांची मुदत धरून ही मोजणी होते. २०१४ मध्ये चार वर्षांच्या महाविद्यालयांत पूर्णवेळ दाखल झालेल्यांपैकी ६४ टक्के विद्यार्थी २०२० पर्यंत त्याच संस्थेतून पदवीधर झाले होते. महाविद्यालयात काही काळ शिकलेले पण पदवी वा प्रमाणपत्र न मिळवलेले सुमारे चार कोटी लोक त्या देशात आहेत. म्हणजे तेथील व्यवस्था निर्दोष आहे असे मुळीच नव्हे. फरक इतकाच की तेथे चीर कोठे आहे ते दिसते, आणि दिसते म्हणून ती बुजवण्याचे प्रयत्न होतात.

त्यांपैकी दोन प्रयत्नांचा उल्लेख येथे करणे आवश्यक आहे. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने २००७ पासून आपल्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी एक योजना राबवली. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकावे ही अट. त्याच्या मोबदल्यात शिष्यवृत्ती वजा जाता उरणारी फी माफ, पाठ्यपुस्तकांची सोय, शहरातील बस व भुयारी रेल्वेचा पास, आणि वारंवार भेटणारा सल्लागार. एरवी एका सल्लागाराकडे शेकडो विद्यार्थी असत. येथे साठ ते ऐंशी. योजनेचा लाभ कोणाला द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवून दोन गटांची तुलना केली गेली. तीन वर्षांअखेर लाभ मिळालेल्यांपैकी ४० टक्के पदवीपर्यंत पोहोचले, इतरांपैकी २२ टक्के. दर विद्यार्थ्यामागे खर्च वाढला, हे खरे. पण पदवी पुरी करणारेच इतके वाढले की दर पदवीमागचा खर्च उलट कमी झाला. ओहायो राज्यातील तीन महाविद्यालयांत हाच प्रयोग केला तेव्हाही निष्कर्ष असाच निघाला.

दुसरे उदाहरण अटलांटा येथील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचे. २००३ च्या सुमारास तेथील जेमतेम ३२ टक्के विद्यार्थी सहा वर्षांत पदवीधर होत. पुढील दहाबारा वर्षांत हे प्रमाण ५० टक्क्यांच्या पुढे गेले, आणि गोऱ्या व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांमधील तफावत नाहीशी झाली. विद्यापीठाने आपल्याच मागील दहा वर्षांच्या नोंदी तपासून, कोणत्या टप्प्यावर विद्यार्थी अडखळतो हे शोधून काढले. मुख्य विषयाच्या पहिल्याच परीक्षेत एखाद्याला जेमतेम गुण मिळाले तर तो उत्तीर्ण म्हणून सोडून दिला जाई. पण तोच पुढे गळण्याचा धोका मोठा, असे दिसले. तेव्हा अशा विद्यार्थ्याला लगेच बोलावून घेऊ लागले. आणखी एक गोष्ट आढळली. अभ्यासात ठीक असलेले कित्येक विद्यार्थी केवळ थोडी फी थकल्याने नावनोंदणीतून वगळले जात होते. २०११ पासून विद्यापीठाने अशांची थकबाकी स्वतःच भरण्यास आरंभ केला. रक्कम बहुधा हजार डॉलरच्या आतबाहेर असे, आणि तेवढ्यावर कित्येकांचे शिक्षण तरत असे.

हे वाचून कोणी म्हणेल, त्या श्रीमंत देशाच्या गोष्टी येथे कशाला? त्यावर उत्तर असे की या गोष्टी आपल्याच मातीत पूर्वी होऊन गेल्या आहेत. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ मध्ये कोल्हापुरात विद्यार्थी-वसतिगृहाचा पाया घातला आणि पुढे निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. खेड्यातला मुलगा बुद्धी कमी पडते म्हणून शाळा सोडत नाही, शहरात राहायला खोली आणि दोन वेळचे जेवण मिळत नाही म्हणून सोडतो, हे त्यांना कोणत्याही संशोधनावाचून उमगले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा व शिका’ हे तत्त्व प्रत्यक्षात आणले. दयेवर न जगता, स्वतःच्या श्रमावर शिक्षण पुरे करण्याची ती व्यवस्था होती. १९४७ मध्ये साताऱ्यात निघालेले छत्रपती शिवाजी कॉलेज हे त्याच विचाराचे फळ. न्यूयॉर्कने २००७ मध्ये जे केले, त्याचा गाभा कोल्हापूर आणि साताऱ्याला अपरिचित नव्हता.

आणि शिक्षण मध्येच तुटणे म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र डोळ्यांसमोर आणावे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथून १९१६ मध्ये लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. आजच्या भाषेत बोलायचे तर त्या वर्षी लंडनच्या हजेरीपटावर त्यांची नोंद ‘गळती’ अशीच झाली असती. पण लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा त्यांना दिली होती. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पैसे साठवून आणि शाहू महाराज व स्नेह्यांचे साहाय्य घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. ही पदवी त्यांनी मिळवली. असामान्य जिद्द होती, हे निर्विवाद. परंतु त्या जिद्दीला उपयोगी पडले ते एक उघडे ठेवलेले दार आणि वेळेवर मिळालेली मदत. ही दोन्ही नसती तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक विद्यापीठाच्या कुलसचिवाने एकदा तरी करावा.

आज हे दार किती उघडे आहे? नव्या शैक्षणिक धोरणाने एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि तीन किंवा चार वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडण्याची सोय केली आहे. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांतही २०२४-२५ पासून ही रचना लागू झाली. बाहेर पडलेल्याने तीन वर्षांच्या आत परतावे आणि एकंदर सात वर्षांत पदवी पुरी करावी, अशी तीत तरतूद आहे. परतीच्या मुभेचे तत्त्व स्वागतार्ह आहे. परंतु बाहेर जाण्याचे दार आपोआप उघडते आणि आत येण्याच्या दारावर अर्ज, दाखले, शुल्क आणि हेलपाटे यांची रांग असते, हा आपल्या कार्यालयांचा अनुभव आहे. बाहेर गेलेल्यांपैकी किती परतले, हे मोजले गेले नाही, तर ही सोय म्हणजे गळतीला दिलेले सभ्य नाव ठरण्याचा धोका आहे. काल जो मध्येच गेला तो निदान व्यवस्थेचे अपयश म्हणून बोचत तरी होता. उद्या तो प्रमाणपत्रधारक म्हणून यशाच्या रकान्यात जाईल. शिवाय दोन वर्षांचे शिक्षण म्हणजे पदवीचा दोनतृतीयांश लाभ, असा हिशेब बाजारात चालत नाही. पदवी पुरी करणाऱ्या वर्षाने मिळकतीत जी वाढ होते ती इतर वर्षांच्या मानाने बरीच अधिक असते, असे अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकातच दाखवले होते. आपल्याकडे त्यासाठी अर्थशास्त्रज्ञांची गरज नाही. लोकसेवा आयोगाची वा बँकेची जाहिरात वाचावी; ‘पदवीधर’ या एका शब्दाने उमेदवारांची दोन गटांत विभागणी होते. इतकेच काय, विधान परिषदेत पदवीधरांना स्वतंत्र मतदारसंघ आहे. जो दोन वर्षे शिकून गेला त्याला तेथे मत नाही.

यावर दोन आक्षेप येतील आणि ते दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पदवी मिळून तरी काय उपयोग, असा पहिला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सहभागाने २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशातील पदवीधर तरुणांमधील बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, तर लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ते ३.४ टक्के. या आकड्यांनी अस्वस्थ व्हायलाच हवे. परंतु निरक्षराला घरी बसून चांगल्या नोकरीची वाट पाहणे परवडत नाही, मिळेल ते काम पत्करावे लागते, हेही या आकड्यांत दडलेले आहे. पदवीधरांना काम नाही हा अर्थव्यवस्थेचा आणि अभ्यासक्रमांचा दोष आहे. त्यावरून ज्यांनी दोन वर्षे आणि घरचे पैसे खर्ची घातले त्यांना अर्ध्या वाटेवर सोडून द्यावे, असा निष्कर्ष निघत नाही. पदवी मिळालेल्याची अवस्था कठीण असेल, तर खर्च करून पदवीही न मिळालेल्याची त्याहून कठीण.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. महाविद्यालयांना पदवीधरांच्या संख्येबद्दल जबाबदार धरले, की ती परीक्षाच सैल करतील. हे भय काल्पनिक नाही. अमेरिकेत १९९० नंतर पदवी पुरी करणाऱ्यांचे प्रमाण जे वाढले, त्याचा बराच भाग सढळ हाताने दिलेल्या गुणांमुळे वाढला, असे काही अर्थशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले आहे. आपल्याकडेही अंतर्गत गुणांची खिरापत वाटली जाते, हे प्राध्यापकमंडळी खाजगीत मान्य करतात. म्हणूनच पदवीधरांची संख्या वाढवा असा नुसता फतवा काढणे घातक ठरेल. अंतर्गत गुण आणि बाहेरच्या परीक्षकांनी दिलेले गुण शेजारी शेजारी जाहीर करणे हा त्यावरचा एक साधा लगाम आहे. आणि गळती कमी करण्याचा प्रामाणिक मार्ग कठीण अभ्यासाला अधिक सोबत देणे हा आहे, हे ट्राइझमनच्या वर्गांनी केव्हाच दाखवून दिले आहे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे मोजणी. पाच वर्षांपूर्वी पहिल्या वर्षात दाखल झालेल्या शंभरांपैकी किती जणांना तीन वर्षांत, किती जणांना चार आणि पाच वर्षांत पदवी मिळाली, हे प्रत्येक महाविद्यालयाने दरवर्षी फलकावर लावावे. मुली, राखीव प्रवर्ग, फी-सवलतीचे विद्यार्थी, यांचे आकडे वेगळे द्यावेत. जे दुसऱ्या महाविद्यालयात गेले ते गळती म्हणून धरले जाऊ नयेत. आता प्रत्येक विद्यार्थ्याचे श्रेयांकांचे खाते उघडले जात असल्याने हा शोध घेणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. अमुक महाविद्यालयाचे आकडे तमुकापेक्षा कमी का, असा नुसता डांगोराही पिटू नये. दुष्काळी तालुक्यातल्या महाविद्यालयाची तुलना महानगरातल्या निवडक मुलांच्या महाविद्यालयाशी करणे अन्यायाचे होईल. प्रत्येकाची तुलना त्याच्याच मागील वर्षांशी व्हावी.

दुसरी गोष्ट, पहिल्या सत्राकडे लक्ष. सलग आठ दिवस गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्याच्या घरी कोणीतरी चौकशी करावी. आपल्याकडे सत्राच्या अखेरीस हजेरी कमी भरली म्हणून टर्म नाकारल्याची यादी लागते. तोपर्यंत मुलगा एखाद्या दुकानात किंवा गोदामात कामाला लागलेला असतो. एका विषयात राहिलेला विद्यार्थी ‘एटीकेटी’वर पुढच्या वर्गात जातो, दोन्ही वर्षांचा भार डोक्यावर घेतो आणि त्याखाली दबतो. त्याच्यासाठी राहिलेल्या विषयाचा गटवर्ग चालवणे फार खर्चाचे नाही. पण त्यासाठी शिक्षक हवेत. मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर माणसे नेमायची, तास संपताच त्यांनी दुसऱ्या महाविद्यालयाची बस पकडायची, आणि त्यांच्याकडून विद्यार्थ्यांची वैयक्तिक ओळख ठेवण्याची अपेक्षा करायची, हे ढोंग आहे. ज्याला स्वतःच्या पुढच्या वर्षाची शाश्वती नाही, तो विद्यार्थ्याच्या पुढच्या वर्षाची काळजी कशी वाहणार?

तिसरी गोष्ट, वेळेवर पैसा. शासनाच्या योजना कमी नाहीत. फी-सवलत आहे, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली आहे. पण खोलीचे भाडे आणि खानावळीचे बिल महिन्याच्या महिन्याला द्यावे लागते. भत्ता मार्चमध्ये जमा झाला, तर सप्टेंबरात गावी परतलेल्या मुलाला त्याचा उपयोग नाही. प्रत्येक महाविद्यालयात प्राचार्यांच्या हाती एक लहानसा निधी असावा, आणि चार-पाच हजारांसाठी कोणाचे हॉल तिकीट अडत असेल तर त्याच दिवशी तो वापरता यावा. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत कमानी आणि पुतळ्यांसाठी देणग्या गोळा होतात. त्यांतला काही भाग इकडे वळला तर त्या माजी विद्यार्थ्यांचे स्मरण अधिक काळ राहील.

चौथी गोष्ट परतीच्या दाराची. आज कार्यालयांत, दुकानांत, कारखान्यांत असे कितीतरी स्त्रीपुरुष आहेत, ज्यांचा एखादाच विषय राहिला, किंवा लग्न झाले, वडील गेले, नोकरी लागली म्हणून शेवटचे वर्ष राहिले. पदोन्नतीची यादी लागली की त्यांना ते वर्ष आठवते. सकाळची महाविद्यालये आणि १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ यांनी अशांपैकी अनेकांना हात दिला आहे. विद्यापीठांनी आपल्या नोंदी चाळून, कोणाचे किती राहिले आहे हे शोधावे आणि त्यांना आपणहून पत्र पाठवावे : आपला एवढा अभ्यास राहिला आहे, तो असा पुरा करता येईल. असे पत्र हाती पडेल तेव्हा त्या माणसाला काय वाटेल, हे ज्यांनी बाहेरून परीक्षा देऊन पदवी मिळवली त्यांना सांगण्याची गरज नाही.

महाविद्यालयात प्रवेश देताना संस्था विद्यार्थ्याकडून फी, दाखले आणि नियम पाळण्याची हमी घेते. तिच्याकडून मात्र विद्यार्थ्याला कसलीच हमी मिळत नाही. प्रत्येकाला पदवी मिळालीच पाहिजे, असे कोणी म्हणत नाही. प्रामाणिक परीक्षेत काहीजण नापास होणार, काहींना दुसरी वाट अधिक मानवणार. पण जो गेला तो का गेला, हे संस्थेला ठाऊक असले पाहिजे, आणि त्याचे जाणे तिच्या वहीत खर्च म्हणून लिहिले गेले पाहिजे. यंदाच्या पदवीदान समारंभात पाहुण्यांच्या भाषणापूर्वी कुलगुरूंनी एवढी एक संख्या वाचून दाखवावी : आमच्याकडे इतके आले होते, त्यांपैकी इतके आज येथे आहेत. सभागृहात क्षणभर शांतता पसरेल. ती शांतता पसरणे आवश्यक आहे.